व्यावसायिक फुटबॉल संघ : खेळाडूची वृत्ती, करारातील वाद आणि नेतृत्व

व्यावसायिक फुटबॉल संघातील खेळाडूची वृत्ती, त्याच्या करारावरून निर्माण होणारे वाद आणि संघाचे नेतृत्व हे तीन विषय वेगवेगळे मांडण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांत पुरते गुंतलेले असतात. सरावाला दांडी मारणारा, बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार देणारा किंवा सहकाऱ्यांशी अबोला धरणारा खेळाडू प्रेक्षकांना ‘डोक्यात हवा गेलेला’ वाटतो. अशा वर्तनाच्या मुळाशी मात्र पुष्कळदा कराराची संपत आलेली मुदत, थकलेला पगार, अडवून धरलेली दुसऱ्या क्लबकडची बदली किंवा दिलेला आणि न पाळलेला शब्द असतो. वर्तन सर्वांना दिसते, करार कपाटात असतो, आणि त्यामुळे दोष ठरवताना वर्तनाचेच पारडे जड होते. या नोंदीत म्हणूनच आधी कराराचा आणि मग वृत्तीचा विचार केला आहे.

देशाच्या वरिष्ठ व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा क्लब नाशिक शहरात नाही. इथला फुटबॉल शाळांच्या मैदानांवर, देवळाली कॅम्पच्या लष्करी परिसरात, स्थानिक क्लबांत आणि अलीकडे भाड्याच्या टर्फवर वाढतो. ज्याला पुढे खेळायचे आहे, त्याला मुंबई, पुणे किंवा त्याहून लांबचा रस्ता धरावा लागतो. परिणामी नाशिकच्या मुलाच्या हाती पहिला करार येतो तो परक्या शहरात, आणि तो वाचून दाखवणारे जाणते माणूस बहुधा शेजारी नसते. हा विषय नाशिकच्या वाचकाला दूरचा वाटू नये, याचे हे पहिले कारण.

कराराच्या कायद्याची वाटचाल

इंग्लंडमध्ये दीर्घकाळ अशी पद्धत होती की कराराची मुदत संपल्यानंतरही क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शके. त्याला पगार देण्याचे बंधन नसे आणि दुसरीकडे जाऊ देण्याचेही नसे. पगारावर कमाल मर्यादा होती आणि आठवड्याला २० पौंडांची ही मर्यादा खेळाडूंच्या संघटनेने, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली, संपाचा इशारा देऊन १९६१ मध्ये रद्द करून घेतली. न्यूकॅसल युनायटेडने बदली अडवली म्हणून जॉर्ज ईस्टहॅम न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. त्याहून मोठा फेरबदल झाला तो बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान यांच्या खटल्याने. १९९० मध्ये लिएज क्लबबरोबरचा त्यांचा करार संपला होता, तरी बदलीच्या रकमेच्या (खेळाडू घेणाऱ्या क्लबने जुन्या क्लबला द्यायच्या पैशांच्या) प्रश्नावरून त्यांचे फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जाणे अडले. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निर्णय दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील क्लबांना बदलीची रक्कम मागता येणार नाही. बोस्मान यांची स्वतःची कारकीर्द या लढ्यात संपली. आजच्या खेळाडूंना मिळणाऱ्या मोकळिकीची किंमत एका साध्या मिडफिल्डरने मोजली आहे, ही गोष्ट फुटबॉलच्या इतिहासात पुरेशी सांगितली जात नाही.

या निर्णयानंतर वादाचे केंद्र सरकले. मुदत संपली की खेळाडू फुकट जातो म्हटल्यावर शेवटची दोन वर्षे हाच क्लब आणि खेळाडू यांच्यातील रस्सीखेचीचा काळ ठरला. क्लबला वाढीव करारावर सही हवी असते किंवा वेळेत विक्री. खेळाडूला वाट पाहण्यातच फायदा दिसतो. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढील हंगामाचा करार करू शकतो. जानेवारीत असा करार करून मे महिन्यापर्यंत जुन्याच जर्सीत खेळणाऱ्या खेळाडूचा प्रत्येक चुकलेला पास प्रेक्षक संशयाने पाहतात, आणि हा संशय बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

फिफाचे नियम इतर बाबतीतही बारकाईचे आहेत. करार कमाल पाच वर्षांचा आणि अठरा वर्षांखालील खेळाडूचा कमाल तीन वर्षांचा असू शकतो. करार वैद्यकीय तपासणीवर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीपूर्वी उरकायची असते. २०१८ पासून स्पष्ट तरतूद आहे की क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडू किमान १५ दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो. प्रस्थापित खेळाडूला हंगामातील १० टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळवले गेले असेल, तर तोही करार सोडण्याचा ग्राह्य आधार ठरू शकतो. याउलट, योग्य कारणाशिवाय करार मोडणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ‘संरक्षित काळा’त मोडल्यास चार महिन्यांची बंदीही येते, हा काळ खेळाडूच्या वयाच्या २८ व्या वाढदिवसापूर्वी केलेल्या करारासाठी तीन आणि त्यानंतरच्या करारासाठी दोन वर्षांचा असतो. भरपाई किती, यावर मात्र एकवाक्यता राहिलेली नाही. स्कॉटलंडचा हार्ट्स क्लब सोडून गेलेल्या अँडी वेबस्टर यांच्यावर क्रीडा लवादाने २००८ मध्ये दीड लाख पौंडांची जबाबदारी टाकली, तर पुढच्याच वर्षी युक्रेनचा शाख्तार क्लब सोडणाऱ्या माटुझालेम यांच्या प्रकरणात हा आकडा १ कोटी १८ लाख युरोंच्या पुढे गेला. फ्रेंच खेळाडू लासाना दियारा यांच्या प्रकरणात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने भरपाईच्या या नियमांतील काही भाग युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला.

वृत्ती : इकार्डी यांचे उदाहरण

इंटर मिलानचे कर्णधार माउरो इकार्डी यांच्या प्रकरणात या नोंदीतील तिन्ही धागे एकत्र दिसतात. इकार्डी संघाचे प्रमुख गोलकर्ते होते आणि त्यांच्या करारवाढीची बोलणी त्यांच्या पत्नी वांडा नारा करत होत्या. त्या दूरचित्रवाणीवरील फुटबॉलविषयक कार्यक्रमातही बोलत, आणि तेथे संघातील सहकाऱ्यांच्या खेळावर टीकाटिप्पणी होई. ज्या कर्णधाराने ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांची बाजू घ्यायची, त्याच्याच घरातून ही टीका येऊ लागल्यावर त्या खोलीत विश्वास टिकणे कठीण होते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी क्लबने कर्णधारपद काढून गोलरक्षक समीर हांडानोविच यांना दिले. लगेच व्हिएन्नात रॅपिड संघाविरुद्ध सामना होता. संघात निवड होऊनही इकार्डी आले नाहीत, असे प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती यांनी सांगितले. पुढे कित्येक आठवडे ते मैदानाबाहेर राहिले आणि ३ एप्रिल रोजी जेनोआविरुद्ध परतले, त्या सामन्यात त्यांनी पेनल्टीवर गोलही केला. त्याच वर्षी ते पॅरिसच्या क्लबकडे गेले.

या प्रकरणात दोष एकाच बाजूला टाकणे सोपे असले तरी बरोबर नाही. क्लबने करारवाढ आणि कर्णधारपद हे दोन प्रश्न एकाच वेळी चिघळू दिले आणि करारावरील मतभेद सार्वजनिक झाल्यानंतर कर्णधाराला हटवले. त्यामुळे शिस्तीची कारवाई बोलण्यांतील दबावासारखी दिसली. शिस्त आणि सौदा यांच्या तारखा एकमेकींना चिकटल्या की दोहोंचीही विश्वासार्हता जाते. तेवढ्याच स्पष्टपणे हेही म्हणावे लागते की संघ दौऱ्यावर निघाला असताना घरी बसणे हा करारातील कोणत्याच तक्रारीवरचा उपाय नव्हता.

मँचेस्टर सिटीचे कार्लोस तेवेझ यांनी २७ सप्टेंबर २०११ रोजी म्युनिकमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार दिल्याचा आरोप प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी यांनी केला. तेवेझ यांनी तो गैरसमज असल्याचे म्हटले. हे नाते कायमचे तुटल्यासारखे वाटत असताना तेवेझ मार्च २०१२ मध्ये संघात परतले आणि मे महिन्यात सिटीने गुण समान असताना गोलफरकाने लीगचे विजेतेपद मिळवले. क्लबने दंड केला, तरी परतीची वाट बंद केली नाही, हा त्यातील लक्षात घेण्यासारखा भाग आहे.

नेतृत्व

फुटबॉलच्या नियमांत कर्णधाराला कोणताही विशेष दर्जा नाही. संघाच्या वर्तनाची काहीशी जबाबदारी तेवढी त्याच्यावर टाकलेली आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेपासून पंचांशी केवळ कर्णधारानेच बोलावे ही पद्धत रूढ होऊ लागली आहे. मैदानाबाहेर मात्र त्याचे काम फार मोठे असते. कोणाचा पगार किती, कोणाची मुदत कधी संपते, कोण घर बदलायच्या विचारात आहे, हे संघात सर्वांना कळत असते. त्यातून येणारी असूया आणि अस्वस्थता सरावापासून दूर ठेवणे हे कर्णधार आणि ज्येष्ठ खेळाडूंचे काम आहे. यासाठी कर्णधाराचा स्वतःचा करार वादात नसणे फार गरजेचे असते. म्हणूनच जाणते क्लब कर्णधाराची करारवाढ मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी मिटवतात.

नेतृत्व कोसळले की काय होते, याचे ठळक उदाहरण २०१० च्या विश्वचषकातील फ्रान्स संघाचे आहे. प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांच्याशी झालेल्या वादानंतर निकोला अनेल्का यांना घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २० जून रोजी, दक्षिण आफ्रिकेतील नाइस्ना येथे खेळाडू सरावासाठी आले. कर्णधार पॅट्रिस एव्रा आणि तंदुरुस्ती प्रशिक्षक यांच्यात सर्वांसमोर बाचाबाची झाली, आणि सारा संघ बसमध्ये जाऊन पडदे ओढून बसला. खेळाडूंचे निषेधपत्र पत्रकारांना वाचून दाखवण्याची वेळ खुद्द दोमेनेक यांच्यावर आली. पुढे अनेल्का यांना १८ आणि एव्रा यांना पाच सामन्यांची बंदी झाली. सहकाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे कर्णधाराचे कर्तव्यच होते; चूक झाली ती सरावावर बहिष्कार टाकण्याचा मार्ग निवडण्यात आणि महासंघाशी आधी बंद खोलीत न बोलण्यात. व्यवहाराचा वाद संघटितपणे लढवण्याची रीत वेगळी असते. २०१८ मध्ये व्यापारी हक्कांवरून डेन्मार्कच्या खेळाडूंचा महासंघाशी करार होईना, तेव्हा स्लोव्हाकियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात खालच्या स्तरावरील आणि फुटसाल (बंदिस्त जागेतील छोटेखानी फुटबॉल) खेळणारे खेळाडू उतरवावे लागले. डेन्मार्क ०–३ हरला, पण महिनाभरात तडजोड झाली.

भारतातील आणि नाशिकमधील स्थिती

भारतात खेळाडूच्या वृत्तीहून क्लबच्या टिकाऊपणाचा प्रश्न मोठा आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब २०१० मध्ये बंद झाला. महिंद्राचा मोठा कारखाना नाशिकमध्ये असल्याने हे नाव इथे घराघरांत ठाऊक आहे. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. क्लबच नाहीसा झाला की कराराचा कागद हातात राहतो आणि तो बजावून घेण्यासाठी समोर कोणी उरत नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाल्यावर काही क्लबांनी पगार थांबवले, तेव्हा भारतातल्या अव्वल खेळाडूंनाही हीच असुरक्षितता अनुभवावी लागली. खेळाडूंची संघटना २००६ मध्ये बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, ती याच पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते.

अन्वर अली यांच्या प्रकरणाने करारभंगाचा प्रश्न भारतात प्रथमच इतका गाजला. दिल्ली एफसीकडून दीर्घ मुदतीच्या लोनवर (मूळ क्लबशी करार राखून उसना) मोहन बागानकडे असलेला हा बचावपटू २०२४ मध्ये तो करार सोडून ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याला चार महिन्यांची बंदी ठोठावली आणि त्याच्यासह दिल्ली एफसी व ईस्ट बंगाल यांना मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई देण्यास सांगितले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन सर्व पक्षांना नव्याने ऐकण्याचे ठरले.

भारतीय कायद्याच्या काही बाजू नाशिकच्या पालकांनी मुलाची सही होण्यापूर्वी समजून घ्यायला हव्यात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर बंधन घालणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल असतो. या कलमाचा क्रीडाक्षेत्रातील सर्वांत परिचित निकाल शेजारच्या श्रीरामपूरच्या झहीर खान यांच्या प्रकरणातला आहे : करार संपल्यानंतरही नवा प्रस्ताव आधी त्यांचे व्यावसायिक व्यवहार पाहणाऱ्या जुन्या कंपनीपुढेच ठेवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमान्य केली. त्यामुळे ‘करार संपला तरी आमच्या एन.ओ.सी.शिवाय (ना हरकत दाखल्याशिवाय) कुठेही खेळता येणार नाही’ अशी अट कुठल्या अकादमीच्या फॉर्मवर आढळली, तर ती मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही. अठरा वर्षांखालील मुलगा स्वतः कराराने बांधला जात नाही. वडिलांनी त्याच्या वतीने सही केली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. एका अल्पवयीन अभिनेत्रीच्या बाबतीत, राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात, मुंबई उच्च न्यायालयाने असा सेवाकरार रद्दबातल ठरवला होता. याचा तोटा दुहेरी आहे. क्लब मुलाला अडकवून ठेवू शकत नाही, पण मुलालाही त्या कराराच्या आधारे ठरलेले पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूने दुखापतीचा उपचारखर्च, राहण्याची सोय आणि शिक्षण या गोष्टी कागदावर घेण्याबरोबरच प्रत्यक्ष मिळत आहेत का, याकडेही पालकांनी लक्ष ठेवायला हवे.

स्थानिक क्लबांच्या हिताची आणखी एक बाब आहे. खेळाडूची रक्कम घेऊन आंतरराष्ट्रीय बदली झाल्यास, त्या रकमेतील ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. त्याखेरीज पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई देण्याचीही तरतूद आहे. हा वाटा मिळतो तो नोंदणीच्या दाखल्यावर. जिल्ह्यातील ज्या क्लबाने मुलाची महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत दरवर्षी रीतसर नोंद केली नसेल, त्याने मुलाला दहा वर्षे शिकवले असले तरी हक्क सिद्ध करणे त्याला जड जाते. आणि ही नोंद नसेल, तर खेळाडूलाही पुढच्या क्लबाशी उद्भवलेल्या वादात आपली कारकीर्द कधी, कुठे सुरू झाली हे दाखवणे अवघड होते.