चौकशी समिती आणि अंतर्गत समिती: विद्यापीठाच्या क्रीडा विभागातील दोन वेगळ्या वाटा

महाविद्यालयातील किंवा विद्यापीठातील एखाद्या खेळाडू मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली की सीमाभागात काही दिवसांतच एक ठरावीक वाक्य वाचायला मिळते: ‘प्रशासनाने प्रकरणाची गंभीर दखल घेतली असून त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली आहे.’ वाचणाऱ्याला वाटते की कायद्याने सांगितलेली कारवाई सुरू झाली. मुलीच्या पालकांनाही तसेच वाटते आणि ते निर्धास्त होऊन घरी वाट पाहत बसतात. प्रत्यक्षात कुलगुरूंनी किंवा प्राचार्यांनी आदेश काढून नेमलेली चौकशी समिती वेगळी आणि कायद्यानुसार प्रत्येक संस्थेत आधीपासूनच असावी लागणारी अंतर्गत समिती वेगळी. पहिलीचे काम सुरू झाले म्हणजे दुसरीचे सुरू झाले, असे मुळीच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून बिदरपर्यंत हा घोळ पुन्हा पुन्हा होताना दिसतो, आणि त्यात दरवेळी नुकसान होते ते तक्रार करणाऱ्या मुलीचेच.

पोलिसांत गुन्हा नोंदवणे म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर येथे विस्ताराने लिहीत नाही. एवढेच सांगणे आवश्यक आहे की पोलीस तपास आणि संस्थेतील चौकशी एकाच वेळी चालू शकतात आणि एकीसाठी दुसरी थांबवावी लागत नाही. ‘आधी आमची चौकशी होऊ द्या, मग पोलिसांकडे जा’ या सांगण्याला कायद्यात कोणताही आधार नाही. उलट कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार मुलीला गुन्हा नोंदवायचा असेल तर तिला साहाय्य करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, विद्यार्थ्यांबाबत तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी पीयूसी आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात आणि एकच फिजिकल डायरेक्टर (क्रीडाशिक्षक) दोन्हीकडील संघ घडवतो. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, घटना कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

आता या दोन समित्यांकडे वळू. सदस्यसंख्या, बैठका कोठे होतात, पत्रावर कोणता शिक्का असतो, हे फरक किरकोळ आहेत. खरा फरक असा की चौकशी समिती प्रशासनाला माहिती मिळावी म्हणून बसते, तर अंतर्गत समिती तक्रारदाराला न्याय मिळावा म्हणून. चौकशी समितीचा अहवाल ज्याने समिती नेमली त्याच्या टेबलावर जातो आणि पुढे त्याचे काय करायचे हे तोच ठरवतो. मुलीला त्या अहवालाची प्रत मिळेलच असे नाही, मुदत पाळली जाईलच असे नाही, आणि समिती मध्येच गुंडाळली तर दाद कोठे मागायची याचेही उत्तर नसते. अंतर्गत समितीला मात्र नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करावी लागते, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा लागतो आणि निष्कर्षांची प्रत दोन्ही पक्षांना द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २ मे २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार संस्थेने तीस दिवसांत शिफारशींवर कृती करायची असते. करायची नसेल तर त्याची कारणे लेखी कळवायची असतात. दोन्ही बाजूंना अपिलाचा हक्क असतो. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत या समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिघा प्राध्यापकांच्या तात्पुरत्या समितीला विद्यापीठाच्या वसतिगृहाची नोंदवही मागवायची झाली तरी प्रशासनाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.

याहूनही महत्त्वाचा आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा मुद्दा अहवालाच्या वजनाचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या विशाखा खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९७ सालचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ लढा दिला, आणि त्यातून हे पक्के झाले की तक्रार समितीचा, म्हणजे आजच्या अंतर्गत समितीचा, अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानला जाईल. म्हणजे अंतर्गत समितीने दोन्ही बाजूंना रीतसर ऐकून दोष सिद्ध झाल्याचे म्हटले, तर त्या आधारावर संस्था शिक्षा करू शकते आणि मुलीला सारे पुन्हा सांगावे लागत नाही. प्राथमिक चौकशी समितीच्या अहवालाला हे वजन नाही. त्या अहवालावरून नोकरीत कायम असलेल्या प्रशिक्षकाला थेट काढून टाकले तर तो उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाईल आणि आपल्याला बाजू मांडण्याची संधीच मिळाली नाही, असे म्हणेल. आणि न्यायालय ते मान्य करील, अशीच शक्यता अधिक. मग नव्याने आरोपपत्र, नव्याने विभागीय चौकशी, नव्याने साक्षी. तोवर मुलीची पदवी पूर्ण झालेली असते, सोबतच्या खेळाडू पांगलेल्या असतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या सरावाच्या वेळा आठवण्याची वेळ तिच्यावर येते. घाईघाईने नेमलेली समिती वरकरणी तत्परता दाखवते, पण पुढची शिक्षा कच्ची ठेवते. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. फुटबॉलचे माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना नोव्हेंबर २०११ मध्ये अटक झाली आणि मुलांवरील अत्याचारांच्या ४५ आरोपांत जून २०१२ मध्ये ते दोषी ठरले. विद्यापीठाने एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली आणि जुलै २०१२ मध्ये तिचा अहवाल जाहीर झाला. वरिष्ठांनी माहिती दडवल्याचा ठपका त्यात होता. परंतु ठपका आलेल्यांपैकी दोन अधिकाऱ्यांनी वकिलांच्या सल्ल्यावरून या चौकशीत जबाबच दिलेला नव्हता. तरीही महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने स्वतःची चौकशी न करता, या अहवालाच्या आधारे काही दिवसांतच सहा कोटी डॉलरचा दंड ठोठावला आणि संघाचे ११२ विजय रद्द केले. पुढे वाद न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये ते विजय परत द्यावे लागले. याउलट रीतसर चाललेल्या फौजदारी खटल्यांत २०१७ साली विद्यापीठाचे माजी अध्यक्ष मुलांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल दोषी ठरले आणि त्या दोघा अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. माहिती गोळा करण्यासाठी लिहिलेल्या अहवालावर शिक्षेचा भार टाकला की तो पेलत नाही, मग अहवाल कितीही मोठ्या माणसाने लिहिलेला असो.

अहवाल कोणाच्या मालकीचा असतो, हे अमेरिकेतीलच बेलर विद्यापीठाच्या उदाहरणावरून कळते. तेथे फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्या बलात्काराच्या तक्रारी विद्यापीठाने कशा हाताळल्या याची चौकशी एका वकिली संस्थेने केली. मे २०१६ मध्ये विद्यापीठाने तेरा पानांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सविस्तर लेखी अहवाल नव्हताच, कारण वकिलांनी आपले म्हणणे विश्वस्तांना तोंडी सांगितले होते. मुख्य प्रशिक्षकांना दूर केले गेले आणि अध्यक्षांचेही पद गेले, परंतु कोणाला केव्हा काय कळले होते याचा पूर्ण दस्तऐवज तक्रारदार मुलींच्या हाती आला नाही. वकील विद्यापीठाचे असतील तर अहवालही विद्यापीठाचाच होतो.

आपल्याकडे कुस्तीच्या निमित्ताने हेच घडले, आणि कुस्तीवर जीव असलेल्या बेळगावकरांना ते आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये महिला मल्लांनी भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर आरोप केल्यावर सरकारने मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. तिचा पूर्ण अहवाल जाहीर झाला नाही. एप्रिलमध्ये मल्ल पुन्हा जंतरमंतरवर बसल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कोठे २८ एप्रिल रोजी गुन्हे नोंदवले गेले. त्या तीन महिन्यांत ‘समिती नेमली आहे ना’ हेच उत्तर सर्वांना पुरेसे वाटत होते.

अंतर्गत समितीत कोण असू शकत नाही, हे अनुदान आयोगाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे: कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्ती. अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतील एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा निवडून आलेले तीन विद्यार्थी, अशी तिची रचना आहे. तात्पुरत्या चौकशी समितीत मात्र नेमके कुलसचिव, क्रीडा विभागाचे संचालक आणि एखादे ज्येष्ठ प्राध्यापक बसतात. ज्या क्रीडा संचालकांनी त्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीची शिफारस केली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पदकांचे श्रेय त्याच्याबरोबर घेतले, त्यांच्यासमोर बसून मुलीने बोलावे ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

अर्थात कायद्याने घडवलेली यंत्रणा म्हणजे निर्दोष यंत्रणा, असा दावा करता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात खेळाडूंवर उपचार करणारे डॉ. लॅरी नासर यांच्याविरुद्ध २०१४ मध्ये आलेली तक्रार लिंगभेदविरोधी कायद्याखालील अधिकृत कार्यालयानेच तपासली होती. वैद्यकीय मत मात्र विद्यापीठाशीच संबंधित, नासर यांना ओळखणाऱ्या तज्ज्ञांकडून घेतले गेले आणि त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की तक्रारदाराला मिळालेला अहवाल आणि विद्यापीठाकडे गेलेला अहवाल सारखे नव्हते. उपचारांच्या पद्धतीमुळे विद्यापीठ अडचणीत येऊ शकते हा निष्कर्ष फक्त विद्यापीठाच्या प्रतीत होता. नासर पुन्हा रुग्ण तपासू लागले. २०१६ मध्ये वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढले आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आपल्या शेजारी, गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात उलट बाजू दिसली: समितीने शेवटच्या टप्प्यात इतकी घाई केली की सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी त्यांच्यावरील कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. म्हणून समिती योग्य असणे ही पहिली अट झाली. तिने शांतपणे, दोन्ही बाजूंना वेळ देऊन काम करणे ही दुसरी.

गोपनीयतेबाबतही असाच गोंधळ आहे. तक्रारदाराची, आरोपीची आणि साक्षीदारांची ओळख व चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण न्याय मिळाला की नाही, कोणती कारवाई झाली, हे ओळख न देता सांगण्यास कायदा मुभा देतो. संस्था ‘प्रकरण गोपनीय आहे’ म्हणून निकालच सांगत नाहीत, तर बातमीदार नाव टाळून ‘खानापूर तालुक्यातील ५० किलो गटातील मल्ल’ असे लिहितात, आणि तालमीत उतरणाऱ्या प्रत्येकाला ती मुलगी कोण हे कळते. या दोन्ही गोष्टी बंद व्हायला हव्यात. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी बसून माफीनामा लिहून घेण्याची पद्धतही कायद्यात बसत नाही. समेट फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही.

खेळाडूच्या दृष्टीने चौकशीच्या काळात काय घडते हे निकालाइतकेच महत्त्वाचे असते, कारण संघनिवड थांबत नाही. अंतर्गत समिती अंतरिम उपाय सुचवू शकते: तक्रार असलेल्या व्यक्तीने मुलीच्या कामगिरीचे मूल्यमापन करू नये, तिच्यापासून दूर राहावे, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी. तात्पुरत्या समितीपुढे हे मागण्याचा हक्कच नसतो, आणि तोच प्रशिक्षक निवड चाचणीच्या दिवशी शिट्टी घेऊन मैदानात उभा असतो. मैदान किंवा स्पर्धेचे ठिकाण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असेही काही जण सांगतात. २०१३ च्या कायद्यातील कार्यस्थळाच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे समाविष्ट आहेत.

तक्रार लेखी द्यावी, ती ‘अध्यक्ष, अंतर्गत समिती’ यांच्या नावे असावी आणि पोच घ्यावी. प्राचार्यांच्या किंवा फिजिकल डायरेक्टरांच्या नावे दिलेला अर्ज चौकशी समितीच्या फायलीत जातो आणि मुदतीची गणना सुरूच होत नाही. तक्रार देण्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. सीमाभागातील मुलींच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते: जबाब कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टंकलिखित होत असेल तर तो मराठीत वाचून दाखवल्याशिवाय तिने सही करू नये आणि तशी नोंद कागदावर करून घ्यावी. ज्या खासगी अकादमीत किंवा तालमीत दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आणि बेळगावचा संघ कोल्हापूरला किंवा पणजीला स्पर्धेसाठी गेला असताना घटना घडली, तर पोलिसांत जाण्यासाठी त्या राज्यात परत जावे लागत नाही: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि तो योग्य ठाण्याकडे पाठवणे ही पोलिसांची जबाबदारी असते.