फॉरमॅट मारायचा की फर्मवेअर टाकायचं?

सीताबर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह दिला, घरी आणून लावला, तर उघडेना. यावर नागपुरात सल्ला ठरलेला: "भाऊ, फॉरमॅट मारून द्या, होते ठीक." बऱ्याचदा होतंही. नाही झालं की माणूस तेच बटण पाच वेळा दाबत बसतो. वैतागाचं कारण इतकंच, की बिघाड दोन जातींचे असतात आणि फॉरमॅटचा उपाय त्यातल्या एकावरच चालतो.

ड्राइव्ह उघडला तर साधारण दोन चिपा दिसतात. मोठी नँड फ्लॅश, म्हणजे माल ठेवायची जागा. छोटी चौकोनी तो कंट्रोलर. फायसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर अशा कंपन्यांचा. कॉम्प्युटर नँडशी थेट बोलतच नाही, सगळं कंट्रोलरमार्फत. कळमन्याच्या गोदामाचं घ्या. मालाची वही फाटली तर नवी वही घालता येते, हा झाला फॉरमॅट. पण कोणतं पोतं कुठे ठेवलं हे गोदाम सांभाळणाराच विसरला, तर नवी वही काय कामाची? तिथे फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरला चालवणारा त्याचा आतला प्रोग्रॅम, नव्याने टाकावं लागतं. त्यात मेख अशी, की अनेक कंट्रोलर आपलं फर्मवेअर आणि खराब ब्लॉकची यादी त्याच नँडच्या राखीव कोपऱ्यात ठेवतात. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपटला की हा कोपराही बिघडू शकतो.

बिघाड कोणता हे ओळखायचं विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये. साइज बरोबर आणि फाइल सिस्टिम ‘रॉ’ दिसते? बहुतेक वही फाटली आहे. ‘नो मीडिया’, शून्य बाइट, किंवा कंपनीच्या नावाऐवजी कंट्रोलरचंच नाव दिसतं? मग फॉरमॅटचा नाद सोडा. ड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला असेल तर अनेकदा नँडच थकलेली असते. आधी डेटा कॉपी करून घ्या.

माझा १६ जीबीचा ड्राइव्ह शून्य दाखवत होता. चिपजीनियस नावाच्या सॉफ्टवेअरने कंट्रोलरचा मॉडेल नंबर दिला, त्याच मॉडेलचं एमपी टूल, म्हणजे कंट्रोलरमध्ये फर्मवेअर टाकणारं सॉफ्टवेअर, शोधलं. टूल त्याला ओळखेना. शेवटी कव्हर काढून, सुईने नँडचे दोन पाय जोडलेले ठेवून ड्राइव्ह लावला, तेव्हा कंट्रोलर टेस्ट मोडमध्ये, म्हणजे टूलचं ऐकायच्या अवस्थेत, आला. हात थरथरला तर शेजारचा पाय जुळतो, म्हणून चहा प्यायच्या आधीच करा.

फरक डेटाचा आहे, आणि तोच लोक विसरतात. क्विक फॉरमॅटनंतर फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरने बरंच परत मिळतं. एमपी टूल मात्र नँड पुसून हिशोब नव्याने मांडतं. तिथून लग्नाचे फोटो येत नाहीत. फोटो हवे असतील तर टूलला हात न लावता रिकव्हरीवाल्याकडे जा.

ही टूल्स कारखान्यासाठीची. कंपन्या ग्राहकाला देत नाहीत, म्हणून ती भलत्याच साइटवर सापडतात, आणि त्यांचा धोका खरा आहे: कंट्रोलरचं फर्मवेअर बदलून पेन ड्राइव्हला कीबोर्ड असल्याचं सोंग घ्यायला लावता येतं, हे २०१४ च्या ‘बॅडयूएसबी’ने दाखवलं. अशाच टूलमध्ये हवा तो आकडा टाकून फुटपाथवरचा खोटा ‘१ टीबी’ ड्राइव्हही तयार होतो. तसला घेतलाच असेल तर खरी जागा किती हे तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू चालवून बघा.

माझा ड्राइव्ह उठला, पण खराब ब्लॉक वगळल्यामुळे १६ चा १४ होऊन. आता गाडीत गाणी वाजवतो.