शिधापत्रिका (महाराष्ट्र)

स्वस्त धान्य दुकानातून धान्य घेण्यासाठी राज्य शासन कुटुंबाला देते ते पत्र. बोलीत रेशनकार्ड किंवा नुसते कार्ड. मुंबईसारख्या शहरी भागांत शिधावाटप कार्यालय आणि इतरत्र तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा ते देते. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला सरकारी मदतीचा शोध बहुधा याच कागदापासून सुरू करावा लागतो, म्हणून त्याचे बारकावे नीट माहीत असणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आहेत. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त उत्पन्न, चारचाकी किंवा चार हेक्टर बागायती जमीन असलेल्यांना पांढरी. त्याआधी, जून १९९७ मध्ये, केंद्राने सरसकट रेशन बंद करून दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे गट पाडले होते. २५ डिसेंबर २००० रोजी सर्वांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय अन्न योजना आली.

आज मात्र धान्य रंगावरून ठरत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याने दोनच गट मानले: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य गटात माणशी ५ किलो. घरात आठ माणसे असतील तर प्राधान्य गटात ४० किलो मिळतात, अंत्योदयात मात्र ३५च. मोठ्या खटल्याच्या घरांना ही विसंगती जाचते. सुरुवातीला तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. म्हणजे केशरी कार्डधारकांतले काही या गटात बसतात, बाकीचे बाहेर राहतात. ‘माझं कार्ड केशरी आहे, मग शेजारणीला धान्य मिळतं नि मला का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पण निम्मेच. उरलेले निम्मे उत्तर ‘इष्टांक’ या शब्दात आहे. राज्यातल्या किती लोकांना लाभ द्यायचा याची कमाल संख्या केंद्राने ठरवून दिली आहे: ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी. हा हिशेब २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर शहरे फुगली, कुटुंबे विभक्त झाली, तरी आकडा तोच. त्यामुळे उत्पन्नाच्या निकषात चोख बसणाऱ्या बाईलाही खिडकीवर ‘इष्टांक संपलाय’ एवढेच ऐकू येते. कायद्याने दिलेला हक्क जागा रिकामी होण्यावर टांगून ठेवणे अन्यायाचे आहे. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे वगळली की जागा मोकळी होते, म्हणून अर्ज देऊन पोच जपून ठेवावी आणि वरचेवर चौकशी करावी.

कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, १८ वर्षांवरील स्त्रीचे नाव असते. कायद्याच्या तेराव्या कलमाने हा बदल केला. आतल्या पानांवर सदस्यांची नावे, वय आणि नाते. सर्वाधिक हेलपाटे याच पानांपायी पडतात. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव सासरच्या कार्डात चढवायचे तर आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. माहेर दूरच्या जिल्ह्यात असेल तर हे काम वर्षभर रेंगाळते आणि तोवर तिचे पाच किलो दोन्हीकडून बुडतात. शिवाय नाव नुसते पानावर असून भागत नाही. ते ‘ऑनलाइन’ असावे लागते, म्हणजे संगणकातल्या बारा अंकी क्रमांकाखाली आधारसह जोडलेले.

दुकानात वाटप ई-पॉस यंत्रावर होते. अंगठा लावायचा, नाव उमटले की पावती निघते, मग धान्य मोजले जाते. भांडी घासून, वीटभट्टीवर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. बाई पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरे बोट. मागची रांग कुरकुरते. अशा वेळी डोळ्यांची ओळख किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत. आधार नाही किंवा जुळत नाही एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. ‘थंब लागत नाही, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर मान्य करू नये. पावती मागून घ्यावी; तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत.

धान्यापलीकडेही कार्डाचे काम पडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मोफत उपचार अनेक वर्षे पिवळे किंवा केशरी कार्ड पाहूनच मिळत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी (१९८० पासून) वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतले नाव लागते, अर्ज तहसीललाच. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. घरकुलाचा रस्ता मात्र वेगळा. पिवळे कार्ड आहे म्हणजे घरकुल मिळणारच, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून निघाली आणि ग्रामसभेत तपासली गेली. तिथे कार्डाचा रंग कामी येत नाही, म्हणून यादीवाचनाच्या ग्रामसभेला स्वतः हजर राहिलेले बरे.

तक्रार १९६७ या क्रमांकावर किंवा लेखी करता येते. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग अशी कायद्यातलीच उतरंड आहे. हक्काचे धान्य मिळालेच नाही तर अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आठव्या कलमात आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

२०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा चालतो. बीडकडून कारखान्यांच्या पट्ट्यात सहा-सहा महिने जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना याचा मोठा आधार आहे. गावी राहिलेल्या म्हातारीने तिच्या वाट्याचे गावच्या दुकानातून उचलायचे आणि फडावरच्यांनी उरलेले तिकडच्या दुकानातून, हे एकाच कार्डावर जमते. त्यासाठी नवा अर्ज लागत नाही, कागदी कार्ड सोबत नेण्याचीही गरज नाही. बारा अंकी किंवा आधार क्रमांक पुरतो.