लंडन–सिडनी: अंतर तेच, वेळ मात्र बदलता

लंडनच्या हीथ्रोपासून सिडनीच्या विमानतळापर्यंतचं अंतर भरतं साधारण १७,०१६ किलोमीटर, म्हणजे ९,१८८ सागरी मैल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरावा, तसं हे माप. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मिळत नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नुसता गोल धरला, तर उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतं. वेळेचा घोळ यापेक्षा कितीतरी मोठा.

एप्रिल १९३५ मध्ये लंडन–ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा साडेबारा दिवस लागत. रात्री मुक्काम, वाटेत विमानांची अदलाबदल, आणि पॅरिस ते इटलीतलं ब्रिंडिसी हा टप्पा तर चक्क रेल्वेने! १ डिसेंबर १९४७ ला सिडनीहून निघालेलं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली करत चार दिवसांत लंडनला पोहोचलं. प्रत्यक्ष हवेत ते ५५ तासांच्या आसपासच होतं. बाकी सगळा वेळ थांब्यांचा. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या नव्या बोइंग ७४७-४०० विमानाने लंडन–सिडनी न थांबता २० तास ९ मिनिटांत गाठलं, पण जवळजवळ रिकाम्या विमानाने. टाक्या काठोकाठ भरल्या होत्या आणि इंधन वाचावं म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढत नेलं होतं. पूर्ण प्रवासी घेऊन हे जमलं नसतं.

वाऱ्याचा हिशेबही फसवा आहे. लंडन–न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर. वेग ताशी ९०० धरला तर वारा नसताना ६ तास ९ मिनिटं. पश्चिमेकडून ताशी १०० चा वारा असेल, तर न्यूयॉर्कहून येताना ५ तास ३२ मिनिटं, जाताना ६ तास ५६. येताना कमावलेलं जाताना नुसतं फिटत नाही, वर नऊ मिनिटं जादा जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.

शिवाय आकाश बंद झालं तर ताणलेल्या दोऱ्याला अर्थ उरत नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर साडेनऊ तासांचं हेलसिंकी–टोकियो उड्डाण १३ तासांवर गेलं.

वेळापत्रकातला वेळ हा उड्डाणाचा नसतो. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो असतो. धावपट्टीकडची रांगही त्यात आली. आणि सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या. त्यांची वजाबाकी करताना लोक हमखास चुकतात. लंडन आणि सिडनीतला फरक उत्तरेकडच्या हिवाळ्यात ११ तास, उन्हाळ्यात ९. मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरात घड्याळं वेगवेगळ्या रविवारी सरकतात, तेव्हा मधले काही दिवस १०.