सिकंदराचा घोडा, निकितिनचा घोडा आणि कोकणातली दमट हवा

इतिहासातले गाजलेले घोडे म्हटलं की आपल्याला आधी चेतक आठवतो, आणि जगात विचाराल तर ब्युसेफॅलस, सिकंदराचा घोडा. तो मेला कशाने हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. इ.स.पू. ३२६, झेलमच्या काठी पोरसाबरोबर लढाई झाली, त्यानंतर तो गेला. काहींनी जखमांनी गेला असं लिहिलंय, पण एरियन हा ग्रीक इतिहासकार म्हणतो की त्याला कुणाचा वार लागलाच नव्हता, तिशीला आलेला घोडा उष्म्याने आणि म्हातारपणाने गेला. मला यातला उष्मा फार महत्त्वाचा वाटतो, कारण घोड्याचं आणि गरम दमट हवेचं अजिबात जमत नाही आणि ते का जमत नाही हे बघायला आपल्या कोकण किनाऱ्यासारखी जागा नाही.

आता कोकणातला घोडा. साधारण १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतात घोडा चढवून चौलला उतरला, सगळी पुंजी त्या एका घोड्यात अडकलेली. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथला कारभार बघणाऱ्या असदखानाने घोडाच काढून घेतला, म्हणाला मुसलमान हो तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. एका खुरासानी, म्हणजे इराणकडच्या, माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडा परत मिळाला, नंतर त्याने तो बिदरला विकला. चौलशेजारच्या रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे, घोड्याचं नाव मात्र त्याने कुठेच लिहून ठेवलेलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

तो लिहितो की या मुलुखात घोडे पैदा होत नाहीत, आणि दाभोळ म्हणजे मोठं बंदर, तिथे मिसर (इजिप्त), अरबस्तान, खुरासानातून घोडे येतात. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलंय की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा! म्हणजे बघा घोड्याला काय किंमत असेल. शेकडो वर्षं समुद्रातून घोडे येतायत आणि तरी किनाऱ्यावर त्यांची पैदास काही उभी राहत नाही, आणि सह्याद्री ओलांडून भीमेच्या खोऱ्यात गेलं की कोरड्या हवेत भीमथडी तट्टं मजेत वाढतात.

यात चाऱ्याचा भाग आहे, रोगांचाही आहे. सर्रा नावाचा रोग घोडमाश्यांच्या चावण्यातून पसरतो, त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने १८८० मध्ये पंजाबात शोधला. सगळं एकट्या घामावर ढकलता येणार नाही. पण घाम हा मोठा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

स्नायू काम करतात तेव्हा त्यांना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा हालचालीत जाते, बाकीची उष्णता होते. माणसाचं तसंच, पण ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या मानाने कातडी आपल्या निम्म्याहून कमी, म्हणजे आत भट्टी मोठी आणि उष्णता बाहेर टाकायला जागा थोडी. म्हणून तो प्रचंड घामतो, उन्हात जोरात पळवला तर तासाला १० ते १५ लिटरसुद्धा. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तर! मे महिन्यात रत्नागिरीकडे हवा आधीच पाण्याने भरलेली असते. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत ना, अगदी तेच घोड्याच्या अंगावर होतं, घाम नुसता खाली ठिबकतो, पाणीही जातं, मीठही जातं आणि अंग काही गार होत नाही.

अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यात नेणारे टांगे असतात, त्यातला घोडा परत आला की जरा जवळून बघा. छातीवरच्या पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस असतो, साबणासारखा. लोकांना वाटतं घोडा आजारी आहे. तसं नाही, घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, ते खरंच साबणासारखं काम करतं, तेलकट केस ओले करून घाम केसांच्या टोकापर्यंत पसरवतं म्हणजे तो लवकर वाळावा, आणि जिथे घासलं जातं तिथे फेस होतो. मला हे फार सुंदर वाटतं.

फेस दिसला तर उलट बरं. काळजी कधी करायची, तर घोडा धापा टाकतोय, अंग तापलंय आणि कातडी कोरडी आहे तेव्हा. थंड देशातून आणलेल्या घोड्यांचा घाम उष्ण दमट प्रदेशात काही काळाने आटतो, इंग्रजांच्या काळात त्यांच्या शर्यतीच्या आणि पोलोच्या घोड्यांमध्ये हे दिसलं होतं. थंड देशातल्याच घोड्यांना होतं असंही नाही, उष्ण दमट प्रदेशातच वाढलेल्या घोड्यांनाही होतं.

हृदयावरही याचा ताण येतो, कारण तेच रक्त एकीकडे स्नायूंना पुरवायचं आणि दुसरीकडे कातडीकडे गार व्हायला पाठवायचं. १९३० ची मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातली मोठी शर्यत जिंकलेला ‘फार लॅप’ नावाचा घोडा १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात मेला, त्याचं हृदय ६.२ किलोचं, आजही कॅनबेराच्या म्युझियममध्ये ठेवलंय, साध्या घोड्याचं ४ किलोच्या आसपास असतं. आपल्या किनाऱ्यावर टांगे ओढणारी तट्टं काही ‘फार लॅप’ नव्हेत, त्यांच्या हृदयाकडून किती काम घ्यायचं ते आपणच बघायला हवं.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी या विषयावर खूप संशोधन झालं, कारण तिथला उन्हाळाही असाच दमट. मग तिथल्या घोडेस्वारीच्या स्पर्धेचा मार्ग कमी केला, मधे जास्त थांबे दिले, पाण्याचे फवारे मारणारे पंखे लावले. आणि तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये, अंग आखडतं, ही जी जुनी समजूत आपल्याकडेही ऐकू येते ती चुकीची ठरली. भरपूर गार पाणी टाकत राहायचं, हाच सगळ्यात जलद उपाय.

प्यायच्या पाण्याचं वेगळंच आहे. आपला घाम रक्तापेक्षा पातळ, त्यामुळे घाम गेला की रक्तात मीठ वाढतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहून खारट, म्हणून कितीतरी लिटर पाणी गेलं तरी रक्ताचा खारेपणा फारसा वाढत नाही आणि घोड्याला तहानच लागत नाही, समोर बादली ठेवली तरी तोंड फिरवतो. टांगेवाला दादा म्हणतो नको असेल त्याला, पण तहान लागली नाही तरी त्याच्या अंगाला पाणी हवं असतं. अशा वेळी आधी मिठाचं पाणी द्यायचं, १० लिटरच्या बादलीत साधारण ९० ग्रॅम मीठ, आणि त्यानंतर साधं पाणी. असं दिलं की घोडे एकूण जास्त पाणी पितात, हे प्रयोग करून बघितलेलं आहे.