आरच्या लेजंडमधलं गणित: एक्स्प्रेशन की बीक्वोट?

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढताय. लेजंडमध्ये, म्हणजे आलेखातल्या खुणांच्या सूचीत, ग्रीक लॅम्डा (λ) हवा, पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे गणनेतून आलेला आकडा. मागणी एवढीच. बहुतेकांचा पहिला हात पेस्टकडे, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या फंक्शनकडे जातो: पेस्ट(एक्स्प्रेशन(लॅम्डा), "=", २.५). आलेखावर ग्रीक अक्षर येतच नाही, त्या अक्षराचं नाव शब्दात छापून येतं. पेस्ट बाहेरून लावलं की आतल्या सगळ्याची साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) होते, आणि स्ट्रिंगमध्ये आर गणित शोधत बसत नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि दोन फंक्शनांची नावं समोर येतात: एक्स्प्रेशन आणि बीक्वोट. कोणी हे सुचवतं, कोणी ते. दोन्हींनी कधी काम होतं, कधी होत नाही, म्हणून ती एकच आहेत असा समज होतो. (कोडमधली नावं इथे देवनागरीत आहेत, चालवताना अर्थातच रोमन लिपीत टाका.)

दोघांच्या मागे आलेखावर गणिती चिन्हं काढणारी यंत्रणा एकच आहे, प्लॉटमॅथ. पॉल मरेल आणि रॉस इहाका यांनी २००० साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. कल्पना अशी की गणितासाठी वेगळी मार्कअप भाषा आणायचीच नाही. आरचंच व्याकरण वापरायचं, पण त्या ओळीचं उत्तर काढायचं नाही, तिचं चित्र काढायचं. म्हणून == टाकलं की तुलना होत नाही, बरोबरचं चिन्ह उमटतं. चौकटी कंसातलं खाली बसतं, ^ नंतरचं वर चढतं. * दोन गोष्टी चिकटवतो, ~ त्यांच्यात मोकळी जागा सोडतो. व्याकरण आरचं असल्याने त्याचे हट्टही सोबत येतात. उदाहरणार्थ, क == ख == ग असं लिहिलंत तर आलेखापर्यंत पोचण्याआधीच सिंटॅक्स एरर येते, कारण आरमध्ये तुलनेची चिन्हं अशी साखळीने जोडता येत नाहीत. पहिली जोडी महिरपी कंसात टाकली की काम होतं.

आता फरक. एक्स्प्रेशन आत दिलेलं सगळं जसंच्या तसं गोठवतं. समजा ल या व्हेरिएबलमध्ये २.५ आहे. एक्स्प्रेशन(लॅम्डा == ल) लिहिलं तर लेजंडमध्ये लॅम्डा बरोबर ‘ल’ असंच दिसेल. ल ची किंमत काय, हे तिथे कोणी विचारतच नाही. बीक्वोटही गोठवतं, पण एक खिडकी उघडी ठेवतं: टिंब आणि लगेच कंस. बीक्वोट(लॅम्डा == .(ल)) मध्ये फक्त .(ल) एवढ्याच भागाची किंमत काढली जाते आणि ती जागेवर बसते. ही युक्ती लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतून आली आहे.

त्यामुळे निवड सोपी असायला हवी. मजकूर आधीच ठरलेला असेल, जसं की अक्षांवरची एककं किंवा वितरणांची नावं, तर एक्स्प्रेशन. आकडा गणनेतून येणार असेल तर बीक्वोट. सब्स्टिट्यूट या फंक्शननेही हे जमतं, पण तिथे व्हेरिएबलची यादी वेगळी द्यावी लागते. मला बीक्वोट वाचायला सोपं वाटतं.

त्या खिडकीतून काय आत सोडता याकडे मात्र लक्ष हवं. आर२ या व्हेरिएबलची किंमत दोन दशांशांपर्यंत आणायला .(राउंड(आर२, २)) दिलं आणि उत्तर ०.८० निघालं, तर आलेखावर ०.८ दिसतं, कारण संख्येला शेवटच्या शून्याची आठवण नसते. एका ओळीत ०.८ आणि खालच्या ओळीत ०.७३ असं लेजंड छापायला देऊ नये. आधी फॉरमॅट फंक्शनला एन-स्मॉल २ (किमान दोन दशांश स्थळं) देऊन स्ट्रिंग करा आणि ती खिडकीतून सोडा, शून्य टिकतं. याचा आणखी एक फायदा होतो. प्लॉटमॅथचं बोल्ड संख्यांना लागत नाही, स्ट्रिंगला लागतं. ग्रीक अक्षरांना ते लागतच नाही, कारण ती वेगळ्या सिंबॉल फॉन्टमधून येतात. ठळक लॅम्डासाठी तासभर झगडणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

खरी गोची लेजंडमध्येच होते, आणि ती एक्स्प्रेशन आणि बीक्वोट काय परत करतात यामुळे होते. एक्स्प्रेशन परत करतं एक्स्प्रेशन व्हेक्टर, म्हणजे सूत्रांची रांग. स्वल्पविराम देऊन तीन गोष्टी लिहिल्या की लांबी तीन, लेजंडच्या ओळी तीन. बीक्वोट परत करतं एकच कॉल, म्हणजे उत्तर न काढलेलं एकच सूत्र. बीक्वोट(लॅम्डा == .(ल)) ची लांबी विचारली तरीही ३ येते, पण त्या तीन ओळी नाहीत, ते एकाच कॉलचे तीन तुकडे आहेत: बरोबरचं चिन्ह, लॅम्डा आणि आकडा. असे दोन कॉल सी() या जोडणाऱ्या फंक्शनमध्ये एकत्र केले की एक्स्प्रेशन व्हेक्टर होत नाही, लिस्ट होते. लेजंडच्या मदतपानावर मात्र मागणी आहे कॅरेक्टर (मजकुराच्या) किंवा एक्स्प्रेशन व्हेक्टरची. शीर्षकात बिनबोभाट चालणारं बीक्वोट लेजंडमध्ये आलं की का अडखळतं, त्याचं उत्तर इथे आहे: शीर्षकाला एकच गोष्ट हवी असते.

म्हणून लेजंडसाठी दोघांपैकी एक निवडण्याऐवजी दोघांची जोडी लावावी:

अ‍ॅज.एक्स्प्रेशन(एलअप्लाय(किंमती, फंक्शन(ल) बीक्वोट(लॅम्डा == .(ल))))

आत बीक्वोट प्रत्येक किंमतीचा एकेक कॉल बनवतं, एलअप्लाय त्यांची लिस्ट करतं आणि बाहेरचं फंक्शन त्या लिस्टचं व्हेक्टर करतं. किंमती चार असोत की चौदा, ओळ हीच. मध्येच एखादी साधी मजकुराची ओळ हवी असेल, समजा ‘निरीक्षणं’, तर ती सी() ने सरळ जोडा. एक्स्प्रेशनसोबत आलेली स्ट्रिंग व्हेक्टरमध्ये सुखाने राहते. फक्त तिच्यात ओळ तोडायला बॅकस्लॅश-एन घालू नका. प्लॉटमॅथमध्ये ते चालत नाही, त्यासाठी एकावर एक मांडणारं अ‍ॅटॉप आहे.

ग्रीक अक्षर युनिकोडमधून थेट टाइप करणारेही आहेत. पडद्यावर ते छान दिसतं, पण आरच्या साध्या पीडीएफ डिव्हाइसवर (पीडीएफ फाइल बनवणाऱ्या फंक्शनवर) अक्षराच्या जागी टिंबं येऊ शकतात. कैरो पीडीएफ या दुसऱ्या डिव्हाइसवर सहसा निभावतं.

जीजीप्लॉट२ हे आरचं आलेखांचं पॅकेज वापरणाऱ्यांना हेच व्हेक्टर स्केलच्या लेबल्समध्ये देता येतं. तिथे एक जादा धोका आहे. लेबलं ब्रेक्सच्या (लेजंडमध्ये दाखवायच्या किंमतींच्या) क्रमाने बसतात, आणि किंमती कॅरेक्टर असतील तर फॅक्टरमध्ये (गटांच्या यादीत) अक्षरक्रमाने “१०” हा “२” च्या आधी लागतो. तुमचं व्हेक्टर २, १० अशा क्रमात असेल तर रंग एकाचा आणि सूत्र दुसऱ्याचं, आणि एररही येत नाही. ब्रेक्स स्वतः लिहून द्या आणि लेबलं त्याच क्रमातून बनवा.