दुर्गम आदिवासी वस्त्या : हक्क, सेवा आणि डिजिटल पोच

जंगलपट्टीतील आदिवासी वस्त्यांना कायद्याने दिलेले हक्क, तिथवर जाणाऱ्या सरकारी सेवा आणि त्या पदरात पाडून घेण्यासाठी आता लागणारे आधार, मोबाईल व इंटरनेट, असा हा एकात एक गुंतलेला विषय आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्राविषयी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे 1 कोटी 5 लाखांहून अधिक लोक असून एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 9.35 टक्के आहे. त्यांपैकी कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात.

वस्तीला गडचिरोलीत टोला म्हणतात, नंदुरबार-पालघरकडे पाडा, मेळघाटात ढाणा, यवतमाळच्या कोलामांत पोड आणि रायगडच्या कातकऱ्यांत वाडी. सरकारी दप्तरात मात्र यांतल्या कितीतरी वस्त्या कुठल्या ना कुठल्या महसुली गावाच्या पोटात जातात. ऑनलाईन अर्ज भरताना गावांच्या यादीत महसुली गाव सापडते, टोला सापडत नाही.

कायदा टोल्याला ओळखतो, हे विशेष. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने, आपला कारभार परंपरेने चालवणाऱ्या वस्तीला किंवा वस्त्यांच्या समूहाला गाव मानले. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला 2014 साल उजाडले. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यापुढे जाऊन गावाच्या परंपरागत जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. या कायद्याच्या नियमांतील पुराव्याची तरतूद विलक्षण आहे. दाव्यासाठी सरकारी कागद चालतोच, पण गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही चालते. नदीचे वळण, देवाचे झाड, जुने मसण या सगळ्यांना पुराव्याचे मोल आहे. याउलट जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही आणि ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांनी तो आणायचा कुठून?

सामूहिक हक्काचे सर्वांत गाजलेले उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घडवली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले गेले. हक्क आला तो खरा त्या दिवशी, असे म्हणायला हरकत नाही.

डिजिटल व्यवस्थेचा गाडा नेमका उलट्या दिशेने चालतो. ग्रामसभा म्हणजे सगळे गाव. संगणकाला हवा एक माणूस, एक आधार क्रमांक, एक मोबाईल नंबर आणि एक अंगठा. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती वैध ठरवली. रेशन दुकानात अंगठा घेऊन ओळख पटवणारे पॉस यंत्र आले. रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मोबाईल ॲपवर फोटो काढून हजेरी सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी मजुरीही आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली.

यातून रोजच्या बोलण्यात नवे शब्द रुळले : ‘टॉवर नाही’, ‘लिंक फेल’, ‘अंगठा उठत नाही’. हा शेवटचा शब्दप्रयोग समजून घेण्यासारखा आहे. जन्मभर तेंदूपत्ता तोडून, बांबू फोडून, माती उपसून बोटांच्या रेषा झिजतात. म्हातारी यंत्राच्या काचेवर अंगठा दाबते, दुकानदार ‘पुसून लावा’ म्हणतो, ती लुगड्याच्या पदराला बोट पुसते आणि पुन्हा दाबते. मग तर्जनी, मग दुसरा हात. समोर उभ्या माणसाला म्हातारी कोण हे ठाऊक असते, यंत्राला नसते. नियमांत पर्यायी सोय आहे, पण ती वापरायची की नाही हे पुष्कळदा काउंटरपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर ठरते.

रेंजचा प्रश्न भूगोलाशी बांधलेला आहे. गडचिरोलीतल्या भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेला पूर आला की पावसाळ्यात तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा वेळी रस्ता, वीज आणि टॉवर ही तीन वेगळी खाती राहत नाहीत. वीज गेली की बॅटरी संपेपर्यंतच टॉवर, आणि डिझेल न्यायचे तर रस्ता हवा. गावोगावी इंटरनेट नेणारी भारतनेटची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पण तिची केबल मुळात ग्रामपंचायतीपर्यंत. टोला तिथून काही कोस आत असू शकतो. जुलै 2022 मध्ये केंद्राने वंचित राहिलेल्या 24,680 गावांत 4जी पोचवण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले. 15 नोव्हेंबर 2023 रोजी विशेष असुरक्षित जमातींसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतही घर, पाणी आणि रस्त्यांबरोबर मोबाईल टॉवर आहेत. मेळघाटातले हरिसाल 2016 मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर झळकले. एक गाव झळकवणे मात्र सोपे, शेजारच्या ढाण्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता.

आणि भाषा. गोंडी, कोरकू, कोलामी, भिली यांपैकी एकही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. सरकारी ॲप मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत बोलते. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ने वेगळी वाट काढली : साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा आणि उलट फोन आला की गोंडीत आपली तक्रार सांगायची. इंटरनेट नको, अक्षरओळखही नको. हातपंप बंद असल्याची किंवा मजुरी थकल्याची तक्रार अशी पोचू लागली. पुढे मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणकात, दाखल झाली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली.